वादक आणि वाद्य : छायाचित्रातून दिसणारा अनुबंध

गोषवारा : संगीत ही श्राव्य कला, तर छायाचित्र हे सर्वस्वी मूक माध्यम होय. तरीही वादक आणि त्याचे वाद्य यांच्यातील नात्याचा काही पुरावा असा असतो, की जो ध्वनिमुद्रणात सापडत नाही, छायाचित्रात मात्र सापडतो. हा पुरावा नेमका कोठे दिसतो, तो टिपताना छायाचित्रकाराला कोणते तांत्रिक निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांमुळे चौकटीबाहेर कोण राहते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यत्वे हिंदुस्थानी संगीताच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्रण, वाद्यसंगीत, तानपुरा, वादनमुद्रा, साथसंगत, दस्तऐवजीकरण

प्रास्ताविक

शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचे वृत्त वर्तमानपत्रात येते, तेव्हा त्यासोबतचे छायाचित्र बहुधा एकाच साच्याचे असते. कलावंताचे डोळे मिटलेले, हात उंचावलेला, चेहऱ्यावर तल्लीनतेचा भाव आणि पुढ्यात मायक्रोफोनची दांडी. असे छायाचित्र चुकीचे नसते. परंतु त्यातून कळते ते एवढेच, की कलावंत भावावस्थेत होता. त्याच्या हातातील वाद्य त्या चौकटीत केवळ ओळखचिन्ह म्हणून उरते. सतार दिसली म्हणून सतारिया, बासरी दिसली म्हणून बासरीवादक. वाद्याच्या जागी दुसरे वाद्य ठेवले तरी छायाचित्राच्या आशयात फारसा फरक पडणार नाही.

वादक आणि वाद्य यांचे नाते ही याहून वेगळी गोष्ट आहे. दहा-वीस वर्षे दररोज अनेक तास एकाच वस्तूला हात, गाल, मांडी वा ओठ लावणाऱ्या माणसाचे शरीर त्या वस्तूप्रमाणे घडते आणि ती वस्तूही त्याच्या शरीराप्रमाणे झिजते. हे परस्परांना घडवणे दृश्य आहे. म्हणूनच ते छायाचित्राच्या कक्षेत येते. मात्र ते सर्वाधिक स्पष्ट दिसते ते मैफलीच्या उत्कर्षबिंदूला नव्हे, तर वादक वाद्याशी काही काम करीत असताना : तारा मिळवताना, पखवाजाला कणीक लावताना, शहनाईची पत्ती ओली करताना, वादन थांबल्यावर वाद्य मांडीवर विसावलेले असताना. संगीतविषयक छायाचित्रांचा जो संग्रह या क्षणांना वगळतो, तो संगीताच्या अभ्यासकाला फार थोडे देतो.

अभिनयाकडून कामाकडे

भारतीय चित्रपरंपरेत वाद्यासह मानवाकृती नवी नाही. रागमाला चित्रांतील तोडी रागिणी वीणा घेऊन उभी असते आणि तिच्या स्वरांनी मोहित झालेली हरणे भोवती जमतात. तेथे वीणा हे रागाचे लक्षण आहे. ती कोणा एका स्त्रीची वीणा नव्हे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकला भारतात आली, तेव्हा तिने हाच संकेत वेगळ्या कारणासाठी पुढे चालवला. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत एका चित्रासाठी काही सेकंद निश्चल बसावे लागे. वाजवणारा हात हलला की चित्र पुसट होई. त्यामुळे नर्तकीच्या मागे उभे राहून सारंगी धरलेले आणि कमरेला तबला-डग्गा बांधलेले साजिंदे त्या छायाचित्रांत दिसतात, पण ते वाजवीत नसतात. वाजवण्याचा अभिनय करीत असतात. बोटे तारेवर आहेत, तार मात्र स्तब्ध आहे. त्यांची नावे बहुधा नोंदलेली नाहीत. वर्ग, जात, व्यवसाय यांचा नमुना म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले आणि वाद्य हा त्या नमुन्याचा पुरावा ठरला.

विसाव्या शतकात ३५ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा व अधिक संवेदनक्षम फिल्म उपलब्ध झाल्यावर प्रत्यक्ष वादन टिपणे शक्य झाले. परंतु तांत्रिक शक्यता वाढल्याने दृष्टी आपोआप बदलते असे नाही. हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी पाश्चात्त्य संगीतातील दोन सुप्रसिद्ध व्यक्तिचित्रे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की यांचे छायाचित्र घेतले. चौकटीचा बहुतांश भाग ग्रँड पियानोच्या उघडलेल्या काळ्या झाकणाने व्यापलेला आहे आणि खालच्या कोपऱ्यात स्ट्राविन्स्की डोक्याला हात लावून बसलेले आहेत. झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातील कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसतो. ज्या नियतकालिकासाठी हे छायाचित्र घेतले, त्याने ते नाकारले. पुढे तेच न्यूमन यांची ओळख ठरले. रचना म्हणून ते असाधारण आहे यात शंका नाही. तथापि तो पियानो स्ट्राविन्स्की यांच्या घरचा नव्हता. लॉस एंजेलिसला राहणाऱ्या संगीतकाराला न्यूयॉर्कमधील एका पियानोजवळ बसवले होते. त्या चित्रात दिसतो तो संगीतकार आणि संगीत ही कल्पना यांचा संबंध. माणूस आणि त्याचे वाद्य यांचा संबंध तेथे नाही, आणि न्यूमन यांना तो दाखवायचाही नसावा.

याउलट यूसुफ कार्श यांनी १९५४ मध्ये घेतलेले पाब्लो कासाल्स यांचे छायाचित्र पाहावे. फ्रँकोच्या राजवटीमुळे स्पेन सोडून फ्रान्समधील प्राद या गावी राहणाऱ्या या चेलोवादकाला कार्श यांनी जवळच्या एका जुन्या मठाच्या दगडी दालनात बसवले. कासाल्स बाख वाजवू लागले. कार्श यांनी नंतर लिहिले, की ते ऐकताना काही क्षण आपण काम विसरलो. अखेर त्यांनी छायाचित्र घेतले ते पाठमोरे. चेहरा नाही, बोटे नाहीत, चेलोचाही थोडाच भाग दिसतो. दिसते ती वाद्याकडे झुकलेली पाठ, रिकामी भिंत आणि वर एक लहान खिडकी. बॉस्टन येथील कलासंग्रहालयात हे छायाचित्र प्रदर्शित असताना एक वृद्ध गृहस्थ दररोज त्याच्यासमोर येऊन उभे राहत आणि कोणी कारण विचारलेच तर, आपण संगीत ऐकत आहोत, गप्प राहा, असे बजावत, ही हकीकत कार्श सांगत असत. हकीकत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. चेहरा वगळल्यामुळे वादकाचा भाव दाखवण्याचा सोपा मार्ग बंद झाला आणि पाठीच्या वळणातून वाद्यावर येणारा भार पाहणे प्रेक्षकाला भाग पडले.

शरीराने घडवलेले नाते

वादनमुद्रेचा अभ्यास करणाऱ्यास छायाचित्र किती उपयोगी पडते, हे व्हायोलिनच्या उदाहरणावरून सहज लक्षात येते. युरोपीय वादक उभा राहून वा खुर्चीत बसून वाद्य हनुवटी व खांदा यांच्यामध्ये धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात आणले. पुढे ते हिंदुस्थानी संगीतातही रुळले. आज भारतीय वादक मांडी घालून बसतो, वाद्याचा रुंद भाग छाती-खांद्याशी टेकवतो आणि त्याचे गुंडाळलेले टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ स्थिरावते. वाद्य तेच आहे, नाते बदलले आहे. हनुवटी व खांदा यांनी पेललेले वाद्य सावरण्याचे काम डाव्या हाताकडे फारसे उरत नाही. पायाचा आधार मिळाल्याने भारतीय वादकाचा डावा हात पूर्ण मोकळा होतो आणि मींड-गमकासाठी लागणारी लांब घसीट निर्वेध घेता येते. अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर विद्यार्थ्याला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

संतूरचे उदाहरणही असेच. काश्मीरच्या सूफियाना संगीतात हे वाद्य लाकडी तिकाटण्यावर ठेवून वाजवले जाई. पं. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी ते मांडीवर घेतले. तिकाटण्यामुळे वाढणारा अनावश्यक गुंजनाद मांडीमुळे आटोक्यात येतो, हे त्यामागील कारण. म्हणजे वादकाचे शरीर येथे वाद्याच्या ध्वनियंत्रणेचाच एक घटक बनले. केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला नाद बदलल्याचे जाणवेल, परंतु तो का बदलला हे कळण्यासाठी छायाचित्र पाहावे लागेल.

सारंगीच्या बाबतीत हा पुरावा थेट वादकाच्या त्वचेवर उमटतो. या वाद्याच्या तीन मुख्य तातींवर बोटांची टोके दाबली जात नाहीत. नखाच्या मुळाशी असलेली त्वचा तातीच्या बाजूने घासत नेली जाते. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तेथे घट्टे पडतात. एकल वाद्य म्हणून सारंगीला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देणारे पं. रामनारायण (१९२७–२०२४) यांच्यासारख्या वादकाच्या डाव्या हाताचे जवळून घेतलेले छायाचित्र हे त्यांच्या चेहऱ्याच्या छायाचित्राइतकेच व्यक्तिचित्र मानावयास हवे. सरोदवादकाच्या डाव्या हाताची नखे, सतारियाच्या तर्जनीवर तारेने पाडलेल्या खाचा, तबलजीच्या बोटांच्या कडा या सर्वांना हेच लागू पडते. मात्र संपादकीय प्रथा अशी, की ‘हाताचे छायाचित्र’ हे पूरक म्हणून आत जाते आणि चेहरा मुखपृष्ठावर.

सुर मिळवण्याचा क्षण

मैफल सुरू होण्यापूर्वीचा काळ हा छायाचित्रकारांच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी समजला जातो. दिवे पूर्ण लागलेले नसतात, श्रोते स्थानापन्न होत असतात, आयोजकांची लगबग चालू असते. वस्तुतः नाते पाहण्याची हीच वेळ. तानपुरा मिळवणारा कलावंत खुंटी पिरगाळून स्वर जवळ आणतो, घोडीच्या खालच्या बाजूचे मणी सरकवून तो नेमका करतो आणि अखेरीस तार व घोडी यांच्यामधील सुताचा धागा केसभर पुढे-मागे करून जवारी खुलवतो. या शेवटच्या टप्प्यात कान वाद्याजवळ गेलेला असतो, कधी गाल दांडीला टेकलेला असतो आणि नजर कोठेच नसते. श्रोत्यांसाठी करावयाचा कोणताही आविर्भाव तेथे नसतो, कारण कलावंताच्या लेखी मैफल अजून सुरूच झालेली नसते.

तबलजी हातोडीने गट्टे व गजरा ठोकतो तेव्हाही हेच घडते. डावा हात पुडीवर थाप देऊन विचारतो, उजवा हात हातोडीने उत्तर देतो. पखवाजवादक डाव्या मुखावर भिजवलेली कणीक लावतो. ती किती लावायची याचे माप नाही. थाप देऊन, ऐकून, थोडी काढून, पुन्हा लावून ते ठरते. शहनाईला दोऱ्याने बांधलेल्या पत्त्या लोंबत असतात आणि त्यांतील कोणती आजच्या हवेला योग्य, याची निवड वादक ओठांनी करतो. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (निधन २००६) यांची हजारो छायाचित्रे उपलब्ध असतील. त्यांतील बहुसंख्य फुगलेल्या गालांची आहेत.

जॅझ संगीताच्या छायाचित्रणात या दृष्टीचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले गेले. हर्मन लेनर्ड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रॉयल रूस्ट’ क्लबमध्ये घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात डेक्स्टर गॉर्डन वाजवीत नाहीत. सॅक्सोफोन मांडीवर विसावलेला आहे, हातात सिगारेट आहे आणि मागून येणाऱ्या प्रकाशात धुराचे ढग उठले आहेत. लेस्टर यंग यांच्या बाबतीत तर लेनर्ड यांनी वादकालाच वगळले : वाद्याची पेटी आणि तिच्यावर त्यांची ओळखीची टोपी. आपल्याकडील वाद्यांच्या पेट्या, गवसण्या, प्रवासातून त्यांच्यावर साचलेल्या चिठ्ठ्या यांच्याकडे अशा नजरेने क्वचितच पाहिले गेले आहे.

कंपन आणि काळ

नाते दाखवण्याचा प्रश्न शेवटी तांत्रिक निर्णयांपाशी येऊन ठेपतो. त्यांतील पहिला निर्णय शटरच्या वेगाचा. तबल्यावर द्रुत लयीत रेला चालू असताना एका सेकंदात दहा वा अधिक बोल निघतात. सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या छायाचित्रात बोटे अत्यंत रेखीव येतात. परंतु ती पुडीवर नुसती ठेवल्यासारखी भासतात. हात मृतवत दिसतो. हेच छायाचित्र साठाव्या भागात घेतले, तर मनगट स्थिर राहते आणि बोटांची टोके किंचित पुसट होतात. पुसटपणा हा येथे दोष नसून माहिती आहे : हालचाल मनगटापासून की बोटांपासून, हे त्यावरून कळते. पंधराव्या भागापर्यंत खाली गेल्यास चेहराही हलण्याचा धोका संभवतो.

तानपुऱ्याच्या बाबतीत हे गणित अधिक रंजक आहे. गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल, तर त्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९ असते. सेकंदाच्या साठाव्या भागात त्या तारेचे एक आंदोलन पूर्ण होते, म्हणून छायाचित्रात ती रेषा म्हणून न येता मध्ये फुगलेल्या निमुळत्या चातीसारखी येते. वेग पाचशेव्या भागापर्यंत वाढवला, तर तीच तार निश्चल रेषा बनते आणि वाद्य वाजत होते की नाही हे चित्रावरून सांगता येत नाही. मूक माध्यमात नाद दृश्य होण्याची ही एक जागा.

दुसरी जागा सतारीची. विलंबित आलापात सतारिया एकाच पडद्यावर तार आडवी खेचून चार-पाच स्वरांपर्यंत मींड घेतो. त्या क्षणी तार पडद्यावरून सरळ जात नाही. ती खालच्या बाजूस वाकलेली असते. म्हणजे जो स्वर पडद्यावर नाही, तो तारेच्या वाकण्यात दिसतो. बोटाच्या पेरावरील ताण, पांढरी पडलेली नखाची कड आणि तारेचा कोन हे सारे एका चौकटीत येण्यासाठी छायाचित्रकाराने वादकाच्या डाव्या बाजूस, त्याच्या हाताच्या पातळीवर असावयास हवे. प्रेक्षागृहाच्या मध्यभागी खालून घेतलेल्या छायाचित्रात हे दिसत नाही. तबल्याच्या बाबतीतही खालून पाहिले असता पुडी दिसत नाही, आणि शाई, मैदान व चाट यांपैकी बोट कोठे पडते हेच जर दिसले नाही, तर त्या छायाचित्रातून वादनाविषयी काय कळणार?

फ्लॅशचा वापर मैफलीत करू नये याविषयी आता फारसे दुमत नाही. पूर्वी आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा खटका आलापात व्यत्यय आणीत असे. आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यांत संपूर्ण निःशब्द शटर आल्याने ती अडचण सरली आहे. मात्र मंचावरील एलईडी दिव्यांखाली असे शटर वापरल्यास चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. दुसरे असे, की आवाज होत नाही म्हणून छायाचित्रकार अमर्याद छायाचित्रे घेऊ लागतो. फिल्मच्या रिळात ३६ चित्रे असत, तेव्हा तो ऐकून, समेची वाट पाहून बोट दाबत असे. ही शिस्त कमी झाली आहे, असे जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना करता वाटल्यावाचून राहत नाही.

सहवासातून आलेली छायाचित्रे

वाट पाहण्याचा हा प्रश्न एका मैफलीपुरता मर्यादित नाही. दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचे छायाचित्र घेण्यासाठी एका कार्यक्रमास गेल्या. आयोजकांनी अडवले, धक्काबुक्कीत त्या पडल्या. त्यानंतर त्यांनी थेट त्या कलावंताशीच बोलून परवानगी मिळवली आणि पुढील अनेक हिवाळे त्यांच्यासोबत, अन्य कलावंतांच्याही सहवासात, प्रवास केला. ‘झाकीर हुसेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील छायाचित्रांत मंचाइतकेच महत्त्व घराला, प्रवासाला व कुटुंबाला आहे. तबला हा तेथे कार्यक्रमाचा नव्हे, तर दिवसाचा भाग म्हणून दिसतो. रियाज म्हणजे काय हे आपण झाकीर हुसेन यांच्याकडून शिकलो, असे त्यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे.

रघु राय यांचा ‘इंडियाज ग्रेट मास्टर्स’ हा २०१० मधील ग्रंथही अनेक दशकांच्या संपर्कातून साकार झाला. पुण्यात सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय संगीतातील कलावंतांची दीर्घकाळ घेतलेली छायाचित्रे प्रदर्शने व दिनदर्शिका यांच्या द्वारे रसिकांपर्यंत पोचली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारखा उत्सव दरवर्षी त्याच शहरात भरतो, तेव्हा एकाच कलावंताला एकाच वाद्यासह अनेक वर्षे टिपण्याची संधी छायाचित्रकाराला लाभते. वादक वृद्ध होतो, त्याची बैठक बदलते, वाद्य धरण्याचा कोन बदलतो. असा क्रम केवळ एखाद्या उत्कृष्ट छायाचित्रातून मिळत नाही.

छायाचित्राला नकार देणारे नातेही असते. अन्नपूर्णा देवी (निधन २०१८) यांनी १९५० च्या दशकानंतर जाहीर वादन थांबवले आणि मुंबईतील घरी राहून शिष्य घडवले. सुरबहारसह त्यांची छायाचित्रे अत्यल्प आहेत. ही उणीव भरून काढावयास हवी होती असे म्हणणे सोपे आहे. परंतु वाद्याशी असलेले नाते इतरांच्या नजरेपासून दूर ठेवणे हा कलावंताचा अधिकार आहे, आणि अल्पसंख्य छायाचित्रे ही त्या अधिकाराची नोंदच होय.

खाली न ठेवली जाणारी वीणा

आतापर्यंत विचारात घेतलेली सर्व उदाहरणे एक वादक व एक वाद्य अशी आहेत. महाराष्ट्रात मात्र एक असे नाते आहे की ज्यात वाद्य एकाचे नसते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर ठेवली जात नाही. रात्रंदिवस पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की वीणा त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा व घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वीणेकरी वयाने वडील असो वा तरुण, या नमस्कारात लहान-मोठे राहत नाही.

छायाचित्रणाच्या दृष्टीने हा क्षण विलक्षण आहे. त्यात वादनकौशल्याचा प्रश्न नाही. तार फक्त छेडत राहायची असते. हाताला घट्टे नाहीत, मुद्रेत तल्लीनतेचे प्रदर्शन नाही. पहाटे तीनच्या पहाऱ्याला डुलकी आवरणारा वृद्ध आणि त्याच्या गळ्यातील वीणा यांचे नाते व्यावसायिक कलावंताच्या नात्याहून कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. आषाढी वारीची छायाचित्रे दरवर्षी मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात. त्यांत रिंगणाची उडी आणि टाळांचा जल्लोष भरपूर असतो. गळ्यातून गळ्यात जाणारी वीणा मात्र शोधावी लागते.

चौकटीबाहेरचे हात

प्रत्येक चौकट काही वगळते. गायकाच्या मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्य-शिष्या हे या वगळण्याचे नित्याचे लक्ष्य. याचे एक कारण निव्वळ प्रकाशशास्त्रीय आहे. पाच मीटर अंतरावरून १३५ मिलिमीटरच्या भिंगाने, छिद्र २.८ वर ठेवून छायाचित्र घेतल्यास स्पष्टतेची खोली जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर असते. गायक स्पष्ट येतो आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर बसलेली शिष्या पार्श्वभूमीत विरघळते. छायाचित्रकार यालाच सुंदर पार्श्वभूमी म्हणतो. छिद्र लहान करावे तर प्रकाश अपुरा पडतो. उपाय अवघड नाही : बाजूला सरकून असा कोन निवडावा, की गायक व तानपुरा एका प्रतलात येतील. परंतु तानपुरा ‘केवळ साथीला’ असे मनात ठरलेले असेल, तर सरकण्याची गरजच भासत नाही. उरलेले काम कात्री करते. छापताना कडा कापल्या जातात आणि वाद्याची नुसती दांडी हवेत तरंगताना दिसते.

वस्तुतः गायकाचे वाद्य कोणते, असा प्रश्न केल्यास तानपुरा हेच उत्तर द्यावे लागेल. तो स्वतः मिळवून, शिष्याच्या हाती देऊन, त्याच्याच आधारे गायक गातो. या नात्यात तिसरी व्यक्ती आहे, आणि तिचे नाव छायाचित्राच्या ओळीत बहुधा नसते.

चौथी व्यक्ती त्याहून दूर, मिरजेत बसलेली आहे. शस्त्रांना धार लावण्याचा मूळ व्यवसाय असलेल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला. पंढरपूर परिसरात पिकणारा कडू भोपळा वाळवून, त्यावर तबकडी व दांडी बसवून, घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासून जवारी लावण्याचे काम तेथे आजही चालते. मिरजेच्या सतार व तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणारा कारागीर घोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. वादक ज्या तऱ्हेने कान वाद्याजवळ नेतो, त्याच तऱ्हेने तोही नेतो. ही दोन छायाचित्रे एकाच मालिकेत असावयास हवीत. सध्या एक संगीताच्या ग्रंथात असते आणि दुसरे ग्रामोद्योगाच्या अहवालात.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा चार दशकांहून अधिक काळ वापरात आहे आणि आता तो भ्रमणध्वनीतील एका उपयोजनात सामावला आहे. अनेक विद्यार्थ्यांच्या रियाजात तानपुऱ्याला हातच लागत नाही. त्यांचा सुर कच्चा राहतो की नाही हा संगीतशिक्षकांच्या विचाराचा विषय. परंतु तार मिळवताना गाल दांडीला टेकण्याची ती मुद्रा त्यांच्या शरीरात उतरत नाही, एवढे निश्चित. शिवाय संगणकाने निर्माण केलेली चित्रे आता पत्रिकांवर व फलकांवर सर्रास दिसतात. त्यांत सतारीच्या तारा मध्येच एकमेकींत मिसळतात, खुंट्या भलत्या जागी येतात आणि बोटे कोणत्याच पडद्यावर नसतात. खरे कसे दिसते हे ठाऊक असणाऱ्यांनाच त्यातील चूक कळते.

संगीत विभाग असलेल्या महाविद्यालयांकडे वार्षिक संमेलने, व्याख्याने व मैफली यांची छायाचित्रे साठलेली असतात. त्यांच्या मागे बहुधा प्रमुख कलावंताचे नाव व दिनांक एवढेच लिहिलेले आढळते. त्याच ओळीत साथसंगतकारांची व तानपुऱ्यावर बसलेल्यांची नावे, वाद्य कोणी व कोठे घडवले, षड्ज कोणत्या पट्टीत होता, तानपुरा पंचमात मिळवला होता की मध्यमात, आणि छायाचित्र वादन चालू असतानाचे की त्यापूर्वीचे, इतका तपशील नोंदवण्यास पाच मिनिटे पुरतात. जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत ही माहिती त्या मैफलीला उपस्थित असलेल्या आणि आज निवृत्त झालेल्या प्राध्यापकांकडून, तसेच तेव्हा तानपुऱ्यावर बसलेल्या माजी विद्यार्थिनींकडून अजूनही मिळू शकते. त्यांतील अनेक जणी आता स्वतः संगीतशिक्षिका आहेत आणि छायाचित्राच्या कापलेल्या कडेपलीकडे कोण बसले होते, हे त्यांना आठवते.